कळ येते

जानकीपुरम, लखनौ
४ नोव्हेंबर २०२५

ती. मुक्ताआक्कांस,
द्रौपदीचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं शेजाऱ्यांना ऐकू जातं, म्हणून आपलं हे कागदावरचंच बरं. पोस्टमन भैया परवा विचारत होता, अम्मा, आजकल चिट्ठी कौन लिखता है. मी सांगितलं, माझी नणंद लिहिते, समोर नसली तरी भांडता यावं म्हणून.

तब्येत ठीक आहे. इमारतीची लिफ्ट पुन्हा बंद पडलीय. चार जिने उतरले तर गुडघे वर चढू देत नाहीत, म्हणून मी उतरतच नाही. सब्जीवाल्याला गॅलरीतून हाक मारते आणि दोरीने पिशवी सोडते. विहारातली पुस्तकं होती ती वाचून संपली. आता लेकीचे धडे वाचते.

त्या धड्यांचं सांगायचं राहिलं. प्रियाने परदेशातल्या एका विद्यापीठाचा कोर्स घेतलाय. जागतिक आरोग्य असं नाव आहे. सरोजिनी नगरच्या दवाखान्यात नर्सची ड्यूटी करायची, घरी यायचं आणि संध्याकाळी कम्प्युटरसमोर बसायचं. पडद्यावर चौकोनाचौकोनांत केनियाची, नेपाळची, पेरूची पोरं बसलेली असतात. वर्ग चालू असला की घरात नळ सोडायचा नाही, खोकायचं नाही, कुकर लावायचा नाही. एकदा विसरून लावला, तर नैरोबीच्या मुलीने विचारलं, तुझ्या घरावरून अ‍ॅम्ब्युलन्स चाललीय का. सगळे चौकोन हसले म्हणे. मी मात्र तेव्हापासून वर्ग संपेपर्यंत मागच्या खोलीत बसून असते.

आता काळजीचं. जी माणसं डॉक्टरांनी बघायच्या आत जातात, त्यांच्या घरच्यांना नीट विचारून मरणाचं कारण ठरवायचं, असा एक धडा आहे. हिंदीत त्याला मौखिक शव-परीक्षा म्हटलंय. म्हणजे तोंडी पोस्टमॉर्टेम. प्रत्येक विद्यार्थ्याने अशी एक मुलाखत घेऊन पाठवायची आहे. प्रियाला शेजारपाजारचं कुणीही चाललं असतं. पण तिने ठरवलंय की पहिली मुलाखत पापांचीच करणार, म्हणजे त्यांच्याबद्दल माझी.

मी टाळतेय. कधी डोकं दुखतं म्हणते, कधी पाहुणे येणार म्हणते. या चौथ्या मजल्यावर कोण पाहुणे येणार? तिला कळतंच. वीस डिसेंबरपर्यंत पाठवलं नाही तर हा भाग नापास, आणि मग पुढचा भाग देत नाहीत. काय करावं सुचवा.

यांना जाऊन जानेवारीत दोन वर्षं होतील. पुण्यानुमोदन सेलूलाच करू आणि मग मी तुमच्याकडेच राहते, असं आपलं ठरलं होतं. त्याचंही आता काही सांगता येत नाही. मी निघायचा विषय काढला की प्रिया म्हणते, मैंने तुम्हारे लिए हॉस्टल छोड़ा, मम्मी. ती माझ्यासाठी इथे, आणि मी तिच्यासाठी.

लोभ आहे तसाच ठेवा.
तुमची,
द्रौपदी

*

सेलू, जि. परभणी
१४ नोव्हेंबर २०२५

चि. द्रौपदी हिस,
मुक्ताचा जयभीम आणि अनेक आशीर्वाद.

दुरपदे, तुझं पत्र वाचून मला आधी हसू आलं. लेकीला परीक्षेत पास करायला आईने दोन गोष्टी सांगायच्या, त्यात एवढं काय? मला विचारलं असतं तर मी बबनच्या जन्मापासून सांगितलं असतं. ते पेरूतले लोक उठून गेले असते.

तू रडशील म्हणून भितेस का? मग रड. दोन वर्षांत तू माझ्यासमोर एकदाही रडली नाहीस. इथल्या बाया मला विचारत होत्या की तुमची भावजय दगडाची आहे का. मी म्हटलं, लखनौची हवाच तशी कोरडी.

आणि सांगायचं तरी काय असणार? बबन घुम्याच होता. लहानपणी विंचू चावला तरी बोलला नाही, पाय सुजल्यावर आम्हाला कळलं. त्या दिवशीही छाती दुखत असताना गप्प बसला. पोरीला फोन केला तरी तिला सांगितलं नाही, नुसतं उद्या येतेस का म्हणून विचारलं. प्रियाने मला हे मातीच्या वेळीच सांगितलं होतं, मीही भावकीत तेच सांगते. तेवढं बोल आणि मोकळी हो.

गुडघ्याला निर्गुडीचा पाला बांध, तिथे मिळत असेल तर. जानेवारीचं मी गृहीत धरलेलं आहे. मागची खोली रंगवायला काढलीय, आता नाही म्हणू नकोस.

तुझी,
मुक्ताआक्का

*

जानकीपुरम, लखनौ
२५ नोव्हेंबर २०२५

ती. मुक्ताआक्कांस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुम्ही यांना घुम्या म्हणालात ते वाचवेना. आता तुम्हाला सांगते. आजवर कुणालाही सांगितलेलं नाही.

त्या रविवारी दाट धुकं होतं. मी विहारात गेले होते, माझा फोन घरी चार्जिंगला होता. माझ्या मागे यांच्या छातीत दुखायला लागलं. प्रिया नर्स आहे, म्हणून यांनी तिलाच फोन लावला. ती वॉर्डात ड्यूटीवर होती. हे म्हणाले, पिऊ, कळ येते गं.

आक्का, इथे तीस वर्षं राहून आम्ही घरात उद्या म्हणायचं सोडलंय. कल पाणी येणार नाही, कल छुट्टी आहे, असंच बोलतो. आणि प्रियाच्या जिभेवर ळ कधी बसलाच नाही. शाळेला शाला, काळ्याला काला. तिच्या कानालाही तो ऐकू येत नाही. तिला वाटलं, पापा विचारताहेत, कल येते? ती म्हणाली, हाँ पापा, कल पक्का आऊँगी. आणि वॉर्डात कुणी हाक मारली म्हणून तिने फोन ठेवला.

मी परत आले तेव्हा हे दिवाणावर बसलेले होते. त्या थंडीत सगळा शर्ट घामाने भिजलेला. खालून ऑटो आणवला. इंजिनिअरिंग कॉलेजच्या चौराह्याशी गाड्या अडकल्या होत्या, तिथे यांनी मला हे सांगितलं. पोरीला म्हटलं कळ येते, तर म्हणते कल पक्का आऊँगी. आणि हसले. जन्मभर टेलिफोन खात्यात लोकांच्या लाइनी दुरुस्त केल्या आणि माझीच लागली नाही, असंही म्हणाले. मग डोकं माझ्या खांद्यावर टेकलं. दवाखान्याच्या दारात डॉक्टरांनी नाडी बघितली आणि चादर वर ओढली.

प्रिया धावत आली. आल्या आल्या म्हणाली, अभी तो फोन किया था, पूछ रहे थे कल आओगी क्या, दर्द का एक शब्द नहीं बोले. खरं काय ते माझ्या ओठांवर आलं होतं. तिचं तोंड बघितलं आणि गिळलं.

तेव्हापासून ती दोन गोष्टी बोलते. भेटायला आलेल्यांना सांगते की पापांनी किसी को बताया ही नहीं, आणि ते सांगताना तिला राग येतो. आणि मन भरून आलं की मला एकटीला म्हणते, मम्मी, आख़िर में पापा मुझे घर बुला रहे थे. तो फोन तिने जपून ठेवलाय. तेवढं एकच तिच्याकडे आहे.

आता खरं सांगितलं तर तिचा तो फोन जातो. नर्स असलेल्या पोरीला कळतं की आपल्याच बापाने आपल्यालाच दुखणं सांगितलं होतं. आणि खोटं सांगितलं तर यांनी कुणाला सांगितलं नाही हे माझ्याच तोंडून पक्कं होतं. कुणी विचारत नव्हतं तोवर मला गप्प राहता येत होतं. आता माझीच पोर समोर बसून विचारणार आहे.

तुम्ही यांची बहीण. तुम्ही सांगाल ते करीन.

तुमची,
द्रौपदी

*

सेलू
७ डिसेंबर २०२५

द्रौपदीस जयभीम.

काल सहा डिसेंबर. विहारात एक मेणबत्ती बबनच्या नावाचीही लावली. तुझं पत्र आदल्या दिवशी आलं होतं.

तुझा फार राग आला. दोन वर्षं मी माझ्या भावाला गावभर घुम्या म्हणत फिरले आणि तू मला म्हणू दिलंस. त्याने हाक मारली होती. एवढं तरी मला सांगायचं होतंस.

पण पोरीला सांगू नकोस. बबन गेला, त्याला आता कुणी काही म्हटलं तरी त्याला लागत नाही. लागलंच तर मला लागेल, ते मी बघून घेते. प्रियाला अजून सगळं आयुष्य काढायचंय. तिने विचारलं की सांग, कुणाला काही बोलले नाहीत. एक वाक्य आहे. घोटभर पाणी पी आणि बोलून टाक.

रंगाचं काम थांबवलंय. तू येणार का नाही ते कळव.

मुक्ताआक्का

*

जानकीपुरम, लखनौ
२३ डिसेंबर २०२५

ती. मुक्ताआक्कांस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुमचं वाक्य मी पाठ करून बसले होते. तुमचं ऐकायचं असंच ठरवलं होतं. तसं झालं नाही. कसं झालं ते लिहिते.

मुलाखत त्यांच्या कम्प्युटरमधूनच व्हायला हवी होती, म्हणजे शिक्षिकेला दोघींचे चेहरे दिसतात आणि सगळं साठवून ठेवता येतं. एका खोलीत बसलं तर आवाज घुमतो. म्हणून एकाच घरात ती पुढच्या खोलीत आणि मी मागच्या खोलीत, माझ्यासमोर पिठाच्या डब्याला टेकवलेला फोन. मागच्या खोलीचं दार आपोआप उघडतं, म्हणून तिने बाहेरून कडी लावली. मला म्हणाली, मम्मी, बस आधा घंटा. दवाखान्यात लावते तशी केसांची घट्ट गाठ बांधून ती पडद्यावर आली आणि मला आप म्हणाली. तुमच्या भाचीने जन्मात मला आप म्हटलेलं नाही.

तिचा आवाज आधी भिंतीतून यायचा आणि मग फोनमधून. प्रत्येक प्रश्न मी दोनदा ऐकला. ताप होता का. नव्हता. खोकला होता का. नव्हता. घाम आला होता का. हो. मग तिने विचारलं, तकलीफ़ शुरू होने के बाद उन्होंने किसी को बताया था? आणि उत्तर माहीतच आहे अशा थाटात खाली बघून पेन टेकवलं. पण त्यांचा नियम असा की घरच्यांच्या तोंडून आल्याशिवाय लिहायचं नाही. म्हणून तिने पेन उचललं, वर बघितलं आणि थांबली.

आक्का, तिने पेन टेकवलं ना, ते मला बघवलं नाही. एवढ्या लांबच्या लोकांपुढेही हे मुकेच ठरणार होते, आणि मी शेजारच्या खोलीत बसून बघणार होते. मी म्हटलं, हो, सांगितलं होतं. तुलाच. मग कळ म्हणजे काय ते सांगितलं, आणि ऑटोत हे काय म्हणाले तेही सांगितलं.

पडद्यावर तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. फक्त हात पुढे आला आणि तिच्या चौकोनात माइक बंद झाल्याची लाल खूण आली. ती मान हलवत होती, मी अजून बोलतेय आणि ती ऐकतेय अशी. आणि भिंतीतून तिचा आवाज आला. पाप्पा म्हणून एकदा, मग नुसता आवाज. फोनमध्ये काहीच नाही. मी उठून दारापाशी गेले. कडी बाहेरून. दार थोपटलं, हाका मारल्या. फोनमध्ये बघितलं तर ती हात वर करून मला बसायची खूण करत होती. समोरचा उठून गेला तर मुलाखत रद्द होते असं तिने आधीच बजावलं होतं. मी बसले. दुसरं काय करणार होते?

मग लाल खूण गेली. तिने शेवटचा प्रश्न विचारला, आप और कुछ बताना चाहेंगी? मी म्हटलं, ते चिडले नव्हते, हसले होते, ते लिही. तिने लिहिलं. मुलाखतीसाठी धन्यवाद म्हणाली. मग येऊन कडी काढली आणि स्वयंपाकघरात जाऊन कणीक मळायला बसली. मी शेजारी बसले. तिने मला हात लावू दिला नाही, पण ऊठ असंही म्हणाली नाही.

ती आता पापांनी बताया नहीं असं म्हणत नाही. ते मला हवं होतं. पण आख़िर में बुला रहे थे, हेही म्हणत नाही. ड्यूटीला जाते, येते, वर्ग असला की बसते. जेवताना फोन वाजला तर दचकते. असं असताना मी जानेवारीत सेलूला कशी येऊ? मागची खोली रंगवून ठेवा, पण माझ्या नावाने नको. पुण्यानुमोदन इथेच करीन. आणि भावकीत आता बबनने सांगितलं होतं एवढंच सांगा, कुणाला ते सांगू नका.

तुम्ही रागवाल हे माहीत आहे. रागवा, पण लिहायचं थांबू नका.

काल शिक्षिकेचं उत्तर आलं. प्रियाने ते मला हिंदीत वाचून दाखवलं, मोठ्याने, एका सुरात. मुलाखत उत्तम झाली आहे. विद्यार्थिनीने स्वतःवर फार चांगला ताबा ठेवला. मधे थोडा वेळ विद्यार्थिनीचा आवाज गेला आहे, तो नेटवर्कचा दोष असावा, तेवढं तपासून कळवावं.

प्रियाने माझ्यासमोरच उत्तर लिहून पाठवलं. हो, इथे नेटवर्क खराब असतं.

तुमची माया आम्हा दोघींवर असू द्या. एकीवर रागावलात तरी दुसरीवर असू द्या.

तुमची,
द्रौपदी