साडेपंधराची कॉलर

फिजाचे अब्बू,

फिजा झोपली आहे तेवढ्यात लिहिते. काल नवा शर्ट घालून तुम्ही हसले, "दर्जीण घरात अन् अंगावर बारदाना!" मी तोंड फुगवून बसले. लग्नाच्या शर्टाचं माप मापवहीत होतं, त्यावरूनच शिवला. घरच्या माणसाला कोण पुन्हा टेप लावते?

दुपारी तुमचा डोळा लागला तेव्हा लावली. कॉलर साडेपंधराची चौदा झाली आहे, छाती चाळीसची छत्तीस. तीनदा मोजलं. माझी शिलाईच चुकली असती तर किती बरं झालं असतं! गिऱ्हाइकाचं अंग इंचभर उतरलं तरी मला कळते, अन् तुमचं कळलं नाही. खोकला जिनिंगमधल्या कापसाच्या धुळीचा आहे म्हणालात, तेही मी मानलं.

शर्टाला टीप मारून तो बारीक करायला सांगू नका. माझा हात चालणार नाही.

फिजाला घेऊन सरकारी दवाखान्यात तुमचा नंबर लावायला जाते. रातपाळीवरून आलात की झाकलेली भाकर खा अन् तडक या. "कायले उगीच" म्हणू नका, पाया पडते तुमच्या. तुम्ही येईपर्यंत मी त्या बाकावरून उठणार नाही.

नुजहत