‘फ्रंट’ लिहिलेलं टोक

१० जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. तू सुखरूप पोचलास हे कळलं. मी मात्र हे रागातच लिहितेय, अक्षर सांभाळून घे.

तुझी बस सुटली त्याच दुपारी बाबांना शेजारी बसवून त्यांची जुनी गाडी बाहेर काढली. मी खोलून पुन्हा जोडलेलं इंजिन असं सुरेख सुरू झालं की बाबा चक्क गुणगुणायला लागले. पण चढ संपायच्या आत तापमानाचा काटा लालमध्ये गेला, बॉनेटमधून वाफा निघाल्या आणि सगळ्या रस्त्यादेखत गाडी ढकलत आणावी लागली. हे इंजिन चाललं की आपलं गॅरेज माझ्या हाती द्यायचं बाबांनी कबूल केलं होतं. आता म्हणतात, इंजिनावर हेडचं झाकण बसवणं बायकांचं काम नव्हे, जागा भाड्याने देऊन टाकू. माणूसही शोधलाय!

डावं आणि उजवं, दोन्ही हेड आणि खालचा ब्लॉक सपाट आहेत का ते मी पट्टी लावून पाहिलं होतं. सगळे बोल्ट मधून कडेला, क्रमाने, थोडे थोडे करत आवळले होते. मग चुकलं कुठे? तू बाबांना चार शब्द लिही, तुझं ते ऐकतात.

लोभ नसला तरी चालेल, उत्तर असावं.
तुझी ताई

१७ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि. पत्र वाचून वाईट वाटलं. पण बाबांवर इतकी चिडू नकोस. खरं सांगायचं तर तुझंही लक्ष जरा इकडेतिकडे असतं.

तुला लाज वाटेल म्हणून बोललो नव्हतो. त्या दिवशी तू बोल्ट आणायला आत गेलीस, तेव्हा हेडखाली जायचं डावीकडचं ते पातळ भोकाभोकांचं गॅस्केट मी पाहिलं. त्यावर ‘फ्रंट’ असं ठळक छापलेलं आणि तू ते पालथं ठेवलेलं! उजवीकडचं मात्र सुलटं. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात आयुष्य गेलं माझं, उलटं अक्षर दिसलं की चैन पडत नाही. गुपचूप सुलटं करून ठेवलं. तू येऊन वर हेड बसवलंस, तुला पत्ताही नाही. एक घोटाळा मी निस्तरला, दुसरा कुठेतरी राहिलाच म्हणायचा.

बाबांना लिहितो, पण गॅरेजचा हट्ट तू सोडलेला बरा. तुझी भावजय आठवण काढते.
तुझा धाकटा

२६ जानेवारी

मुद्रितशोधक महाशयांस,
आशीर्वाद या खेपेला राखून ठेवले आहेत.

अरे शहाण्या, त्या इंजिनाची दोन्ही गॅस्केटं एकसारखीच असतात. एकीकडे अक्षरं वर येतात, दुसरीकडे खाली, पण ‘फ्रंट’ लिहिलेलं टोक दोन्हीकडे पुढेच हवं, म्हणजे पाण्याची मोठी भोकं मागे येतात. तू सुलटं केलंस, भोकं जुळावीत म्हणून टोकं फिरवलीस आणि ‘फ्रंट’ नेऊन ठेवलंस मागे! पाणी पुढच्या पुढे फिरलं आणि मागे इंजिन शिजलं. तू अक्षरं वाचलीस, शब्द नाही वाचलास. आणि वर लक्ष नाही ते मला?

पत्र मिळताच हेड उतरवलं. नशीब, वाकलं नव्हतं. नवं गॅस्केट घालून त्याच चढावर गाडी नेली, काटा मध्यावरून हलला नाही.

मग बाबांना तुझं पत्र वाचून दाखवलं. मला वाटलं, भडकतील. ते पोट धरून हसले! म्हणाले, पोरगं बिचारं चांगल्या मनाने करायला गेलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चूक माझी वाटली तेव्हा ती साऱ्या बायकांची झाली, तुझी निघाली तर ती गंमत? हेच मी त्यांना विचारलं, आवाज चढवून विचारलं. त्यांचं हसू थांबलं. चष्मा पुसून ते उठून गेले. तेव्हापासून घरात आमचं बोलणं बंद होतं.

आज सकाळी तो भाडेकरू जागा बघायला आला. मी एका गिऱ्हाइकाच्या गाडीखाली होते. बाबांनी त्याला दारातच सांगितलं, की जागा रिकामी नाही, आणि जरा हळू बोला, मालकीणबाई कामात आहेत.

मी बाहेर आले नाही. राग अजून उतरला नव्हता, आणि डोळे पुसायला हात स्वच्छ नव्हते.

तुझी ताई