हाती काहीच लागलं नाही

३ मार्च
या हातांनी आजवर बनवलेल्या वस्तू: दंतवैद्यांसाठी मेणाचे जबडे, कापडदुकानांचे पुतळे, अंडी उबवायची पेटी, आणि एका सुताराला लाकडी हात. त्या हाताने तो अजून रंधा धरतो. शाळा नववीत सुटली. बाकी सगळं वाचून, बिघडवून, पुन्हा जुळवून शिकलो. आणि आजपासून विद्यापीठाच्या भ्रूणशास्त्र विभागात प्रतिकृतीकार! मेहुणे, म्हणजे हिचे भाऊ, तिथे प्राध्यापक, त्यांनीच बोलावलं. खोलीत उजेड छान आहे. ओटा जरासा कलता होता. पाचर मारून सरळ केला.

काम असं: दाण्याएवढ्या मानवी गर्भाच्या पातळ चकत्या काचांवर बसवलेल्या आहेत. एकेक काच दिव्यापुढे धरायची, मेणाच्या पत्र्यावर तिची मोठी सावली पाडायची, कडेने कापायचं आणि रचत जायचं. पावाचे कापलेले तुकडे जुळवून पुन्हा पाव करावा तसं. काचा बनवणाऱ्या बाईंना सगळे काचबाई म्हणतात. माझ्या डाव्या हाताचं सहावं बोट बघून त्या म्हणाल्या, मजुरी बोटांवर मोजून घेणार असाल तर साहेबांचं दिवाळंच निघेल. हसून पोट दुखलं.

११ मार्च
डोकं आणि हृदय झालं. मेहुण्यांनी वर्गात मागे बसू दिलं. गर्भाचा हात आधी वल्ह्यासारखा सपाट असतो, बोटं फुटत नाहीत, मधलं मांस मरतं म्हणून ती सुटी होतात, असं त्यांनी शिकवलं. मी ते आधीच वाचलं होतं. हा गर्भ त्याच्या अलीकडचा आहे. बोटं अजून जोडलेली.

२० मार्च
आज डावा हात जुळला. बोटाची एक रेघ जास्त आली. माझी चूक असणार म्हणून सगळे पत्रे पुन्हा कापले. सहावं बोट. माझ्या वडिलांना होतं, आजोबांना होतं.

काचबाईंना दाखवलं, तर त्यांनाच माझं नवल वाटलं. म्हणाल्या, तुमच्याच घरातला आहे ना? सर, तुमचे मेहुणे, म्हणाले तुम्हाला माहीत आहे.

सहा वर्षांपूर्वी हिचा गर्भ तिसऱ्या महिन्यात गेला. दवाखान्याबाहेर मेहुण्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं, हाती काहीच लागलं नाही. त्याच हातावर डोकं टेकून मी रडलो होतो.

२१ मार्च
हिला विचारलं. ही बराच वेळ नळ सोडून भांडी घासत राहिली. मग म्हणाली, सही मीच केली. दादाने मागितलं. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही दिलं नसतं.

खरंच. नसतं दिलं.

२३ मार्च
सकाळी पाहिलं तर बोटं सुटी झालेली. मी जोडलेलीच कापली होती. माझ्या सुरीची खूण राहते. इथे खूणच नाही. ओट्यावर मेणाचा कीसही नाही. झाडूवाल्याला विचारलं. त्याने हात लावला नाही म्हणे. मेणाच्या गर्भाची उंचीही वाढली आहे.

२५ मार्च
नखं आली. मी नखं केलेली नाहीत. कपाटातलं मेण तेवढंच आहे, आणि हे मात्र जड — कोमट. काचबाई खोलीत पाऊल टाकत नाहीत.

२६ मार्च
मेहुणे आले. घाबरतील वाटलं होतं. म्हणाले, जावईबापू, हातात जादू आहे तुमच्या! विभागाच्या प्रदर्शनाच्या दालनात मधोमध ठेवणार. खाली पाटी — त्यांच्या नावाची.

मी म्हटलं, पोर माझं आहे, काचांसकट घरी नेणार. ते म्हणाले, पोरकटपणा करू नका. मग काय देणार ते सांगितलं. मी नाही म्हटलं. घरी कुणाच्या भरवशावर नेणार, असं विचारून हसले. बहीण माझ्या बाजूने आहे, म्हणाले.

२७ मार्च, दुपार
कामाच्या खोलीचं दार बाहेरून लावलंय. पलीकडे हिचा आवाज. उघड म्हटलं. ही म्हणते, आधी दादाला हो म्हणा.

पोराच्या तळव्याला डावी तर्जनी लावून पाहिली. मूठ मिटली.

सुटत नाही — उजव्या हाताने लिहितोय — बोट पिवळं पडलंय, गुळगुळीत, नखाने कोरलं तर कीस निघतो. त्याच्या मुठीला मात्र रंग चढतोय —

मनगटापर्यंत आलं. दुखत नाही.

ही पुन्हा विचारतेय. रडतेय बहुतेक. नाहीच म्हणणार. नंतर कुणी काही म्हणायला नको म्हणून मेहुणे काय देणार होते ते लिहून ठेवतो: कायमची नोकरी, वर रोख तीन लाख, हे मूल कुणाचं ते मी कुठे बोलायचं नाही एवढ्यासाठी. तीन लाख. आता लिहिती बोटंही पिवळी पडताहेत. मी नाही म्हणा —