तळ्यात येणारी मोरी

शिराळा, जि. अमरावती
ऑक्टोबर १९६७

प्रिय शेषरावभाऊ,

'प्रिय' लिहिताना हात अडला. पण थोरल्या भावाला दुसरं काय लिहितात, ते मला कोणी शिकवलं नाही. तू अकोल्याहून पाठवलेलं लुगडं परत पाठवते आहे. वहिनीला नेसव.

तळ्यात मत्स्यबीज सोडलं तेव्हा तूही काठावर होतास. मडक्यांतून रोहू-कटल्याची पिल्लं पाण्यात उतरली आणि बाबा साऱ्या भोईपुऱ्यासमोर म्हणाले, "आता आपल्याले नदीनदी हिंडा लागत नाई." पुढच्याच वर्षी तू तळ्याच्या वरच्या अंगाला फण्या-बांगड्यांचा कारखाना काढलास. प्लॅस्टिक सडत नाही, असं कौतुकानं सांगायचास. खरंच सडलं नाही. त्याची कातरण आणि कारखान्याच्या संडासाचं पाणी एकाच मोरीतून तळ्यात येतं. मासा चिरला की पोटातून लाल-हिरवे तुकडे निघतात. अंगावर फोड, शेपट्या झडलेल्या. बाजारात आमच्या टोपल्यांकडे कोणी बघत नाही. हे सांगायला आले, तर तू मला फाटकातच उभं ठेवलंस. "मासे तं मरतच रायतात, पंचफुले. मले धंदा करू दे."

मग असल्याच एका माशाचा काटा ह्यांच्या अंगठ्यात शिरला. हात सुजला, काळा पडला. अमरावतीचे डॉक्टर म्हणाले, घाण पाण्यातले जंतू जखमेत गेलेत. कोपरापासून हात कापला. जाळं फेकायचा हात, भाऊ! तू संत्र्यांची टोपली घेऊन आलास आणि खाटेशी उभा राहून म्हणालास, "काटा तं कोनालेबी लागते." मी संत्री उकिरड्यावर टाकली.

अर्ज केले. साहेब पाहणीला आले, तुझ्याकडे जेवले आणि तळ्याकडे न वळताच गेले.

आता अर्ज नाही. येत्या सोमवारी सकाळी आम्ही तुझी मोरी दगडमातीनं बुजवणार आहोत. पहिलं टोपलं बाबा टाकतील. मी नको म्हटलं, ते ऐकत नाहीत. तुझी घाण तुझ्याच कारखान्यात चढेल. पोलीस आणायचे तर आण. पण मोरीलगतच्या खोलीत मजूर बाया तान्ही लेकरं निजवून कामाला बसतात. त्या दिवशी त्यांना सुट्टी दे. एवढ्यासाठीच लिहिलं, तुझ्यासाठी नाही.

इलाज नाही म्हणून तुझीच बहीण,
पंचफुला