खुब्यावरचा डाग

आप्पा, आज सकाळी देवांना अंघोळ घालताना तुमची ती प्लास्टिकची खुर्ची आठवली आणि हात थांबला.

एकोणीसशे नव्वदनंतरची वर्षं, कोपरखैरण्याच्या आपल्या दोन खोल्या. प्रोस्टेटचा आजार हाडांत उतरलाय का, हे पाहायला डॉक्टरांनी तुमच्या हाडांचा स्कॅन करायला लावला. आजार उतरला नव्हता. फक्त उजव्या खुब्यावर एक काळा डाग दिसत होता. डॉक्टरांनी फिल्म बाजूला ठेवून तुम्हालाच विचारलं, "आजोबा, इथं दुखतं का?" तुम्ही म्हणालात, "न्हाई बा. मांडी घालून दावू का?" आणि खरोखरच दवाखान्याच्या फरशीवर बसलात, हात न टेकता उठलात. डॉक्टर हसले. एक्स-रेही पाहून मला म्हणाले, शोधत होतो वेगळंच, हे वाटेत दिसलं. वयाची झीज आहे, दुखत नाही तोवर त्यांना त्यांचं करू द्या.

ऐकलं मी. पण घरी आलो तो डाग घेऊनच. पुढच्या रविवारी खुर्ची आणली, देव्हारा भिंतीवर टांगला, तुमचं खाली बसणं बंद केलं. "देवापुढं बसलोय का सायबापुढं?" एवढंच तुम्ही म्हणालात. सोसायटीत मी सांगत सुटलो, मग भेटेल तो 'आजोबा, जपून' म्हणू लागला. न दुखणारा पाय तुम्ही जपून टाकू लागलात, भिंत धरू लागलात. मी याला काळजी म्हणत होतो. खरं तर तुम्ही पडलात तर कंपनीतून रजा कशी मिळायची, ही माझी धास्ती होती.

एका एकादशीला मी दुपारीच घरी येतो. तुम्ही देव खाली उतरवून घेतले आहेत, पाटावर मांडी घालून बसला आहात, ताम्हनात बाळकृष्णाची अंघोळ चालली आहे. मला पाहून तुम्ही गडबडीने उठता. "एकादस हाय, आजच्यापुरतं," म्हणता. बाप मुलाला म्हणतो. आणि मी खुर्ची पुढे सरकवतो. तुम्ही बसता. ओला बाळकृष्ण तुमच्या मुठीतच राहतो.

तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली. देव आता खाली आहेत, मी मांडी घालतो. हे तुम्हाला पोचायचं नाही, म्हणूनच लिहवतंय. डॉक्टरांचं ते 'दुखतं का' मी तुम्हाला नंतर एकदाही विचारलं नाही. तुम्ही 'नाही' म्हणाला असतात, तर खुर्ची काढावी लागली असती.