साखरपुड्याआधीचा टायफॉइड

ताई,

माझे केस टायफॉइडनं गेले नाहीत. मला कॅन्सर आहे. आपली कुसाआत्याही काविळीनं गेली नव्हती. तेव्हा तुझं लग्न जमत होतं, म्हणून कावीळ सांगितली. हे आईनं डॉक्टरांसमोर कबूल केलं.

पेशीवर ताण आला की एक जनुक प्रथिन बनवतं, ते गाठ होऊ देत नाही, असं डॉक्टर म्हणाले. आपल्या घरात ते जनुकच बिघडलेलं आहे. ताण आला की गप्प बसतं, आपल्या माणसांसारखं. बाबांकडून ते माझ्यात आलं. तुझ्यातही असेल, तुझ्यातून सृष्टीत. तुम्ही दोघींनी तपासणी करून घ्यायलाच हवी.

पण आईनं माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून शपथ घातली आहे. सृष्टीच्या साखरपुड्याआधी चकार शब्द काढायचा नाही. म्हणून हे नुसतं लिहितेय, पाठवणार नाही. तू रोज फोनवर विचारतेस, "पथ्य पाळतेस ना गं?" मी मुगाच्या खिचडीचं सांगते. रविवारी साखरपुड्याला विग घालून तुझ्याकडे विंचूरला येईन, सृष्टीची ओटी भरीन.

काल न राहवून आईला विचारलं, "आणि उद्या सृष्टीला झालं तर?"

ती मेथी निवडत राहिली. म्हणाली, "तोवर तिचं लग्न झालेलं असेल."

तुझी,
टायफॉइडमधून बरी होत असलेली
तेजू