दुसऱ्या कॅमेऱ्यातली हळद

प्रिय माय,

रागावलीस, माहीत आहे. असू दे. मीही काही कमी रागात न्हाई. फोन केला की तू नुसतं हं-हं करतेस, कारण संपतकाका शेजारीच बसलेले असतात आणि काकू तुला स्पीकर लावायला लावते. म्हणून हे पत्र सोनूबाईजवळ देऊन राह्यले. ती भाजी घेऊन अंबडच्या बाजाराला येते, माझ्या दुकानावरूनच जाते. एकटी बसून वाच. तुझा गुडघा दुखतोय म्हणे, तर उगाच चुलीपुढं बसून वाचू नकोस, खाटेवर पाय लांब करून वाच.

आधी भांडणाचं बोलते. तृप्तीच्या लग्नाच्या फिल्ममध्ये तू माजघरात तिला, तुझ्या धाकट्या लेकीला, हळद लावतेस तो तुकडा आहे. तो काढून टाक, असं काकांनी सांगितलं तेव्हा मला हसू आल्तं. परवा फोनवर हं-हं सोडून तूही तेच सांगितलंस आणि माझं डोकंच फिरलं. माय, तू? अण्णा गेल्यापासून त्या घरात तू कुठं उभं राहायचं हे काका ठरवून राह्यलेत. लग्नात सवाष्णी मांडवात आणि तू चुलीपाशी. कापूस वेचताना, तृप्तीच्या कॉलेजसाठी घनसावंगीला खेटे घालताना, तिच्या तापात उशाशी बसताना कुणी विचारलं न्हाई की हिच्या कपाळाला कुंकू आहे का. हळदीची वाटी आली की मात्र तुझा हात अशुभ! आग लागो असल्या रीतीला. आणि तृप्तीला मी कच्ची फिल्म दाखवली तेव्हा ती ढसाढसा रडली आणि म्हणाली, हेच ठेव ताई, बाकी सगळं काढलंस तरी चालेल. लग्न तिचं, हळद तिच्या अंगाला लागलेली, मंग काकांचा संबंध काय? पण तिच्यासोबत काकू आल्ती ना बघायला. तिनं घरी जाऊन आग लावली.

काका दुकानात आल्ते. त्यांनी घरी काय फुशारकी मारली असेल ते मला ठाऊक आहे, पण खरं काय झालं ते माझ्याकडून ऐक. खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, माझ्यासमोर काढ. माझ्या लॅपटॉपला वायरी जोडायच्या जागा दोनच. त्यामुळं एकीला हार्ड डिस्क आणि दुसरीला चार तोंडांचं हब, त्याच्यात कार्ड रीडर, माऊस असं सगळं लोंबत असतं. काका त्या पसाऱ्याकडं बघत म्हणे, यातल्या कुठल्या वायरीत लग्न आहे? मी हार्ड डिस्क दाखवली. मंग पडद्यावर फिल्मची लांब पट्टी उघडली, तुझा तुकडा निवडला, बटण दाबलं, गेला तुकडा. काकांनी विचारलं, बिलकुल गेलं ना? मी म्हटलं, बिलकुल. चहा प्याले, खूश झाले. अगं, पट्टीवरून काढलं म्हणजे डिस्कवरून जातं का कुठं? मूळ फाइल जिथल्या तिथं असते. काका गेले की तुला परत आणून बसवायचं, हे मी तेव्हाच ठरवलं होतं.

उठता उठता मात्र त्यांनी एक विचारलं. मला म्हणे, शीतल, चोरून माजघराकडं कॅमेरा का लावलास? चोरून! माझ्या मनात आलं, आता माघार घ्यायची न्हाई. म्हटलं, हो, लावला. मलाच वाटलं म्हणून लावला. मंग ते जे बोलले ते लिहीत न्हाई. मी नवऱ्याचं घर सोडून आले तेव्हा बोलले होते तेच, पोरगी कॅमेरा गळ्यात घालून गावोगाव हिंडती वगैरे. त्या वेळी तू भाकरी थापता थापता म्हणाली होतीस, हिंडू द्या. एवढंच. मान वरसुद्धा केली नव्हतीस. त्या दोन शब्दांवर माझं दुकान उभं आहे, माय. आता बदनापूरच्या एका साखरपुड्याचं काम आलंय, आणि दोन पोरी एडिटिंग शिकायला येतात.

जाताना काकांचा पाय वायरीत अडकला आणि हार्ड डिस्क धाडकन फरशीवर आपटली. पडद्यावर सगळी फिल्म लाल, फाइल सापडत न्हाई म्हणून. माझा जीवच गेला. वायर बदलली, हब काढून डिस्क सरळ लॅपटॉपला लावली, तेव्हा कुठं ती दिसायला लागली, पण अर्ध्या फाइली उघडेनात. नशीब, फिल्म हातात दिल्याशिवाय मी कॅमेऱ्याचं कार्ड कधी पुसत न्हाई. दोन्ही कॅमेऱ्यांची कार्डं कपाटात होती. नवीन डिस्क लावली आणि सगळं पहिल्यापासून उतरवलं, एकेक फाइल उघडून बघत.

हे पत्र त्यापायीच लिहून राह्यले. माय, तो कॅमेरा मी वळवलाच नव्हता. उष्टी हळद घेऊन पाव्हणे आले तेव्हा मी पहिला कॅमेरा घेऊन वेशीकडं पळाले, सगळं घर माझ्यामागं. दुसरा अंगणात स्टँडवर, मांडवाकडं तोंड करून चालूच होता. मला वाटलं, कुण्या पोराचा धक्का लागून तो माजघराकडं फिरला. लांब रेकॉर्डिंग झालं की कॅमेरा आपोआप त्याच्या वेगळाल्या फाइली करतो, आणि मी फक्त माजघराची फाइल बघितली होती. तिच्या आधीची काल उघडली. त्यात तू येतेस. वेशीकडं बघतेस, कुणी न्हाई. वाकून लाल दिवा चालू आहे का ते बघतेस. मंग दोन्ही हातांनी स्टँड उचलून सावकाश दाराकडं फिरवतेस, परत वाकून दिवा बघतेस, पदर नीट करतेस आणि पोरीला हळद लावायला आत जातेस. मी लई रडले. ही फाइल मी कुणाला दाखवणार न्हाई, तृप्तीलाही न्हाई. काकांनी मरेपर्यंत विचारलं तरी कॅमेरा मीच वळवला. पण हळद फिल्ममध्ये राहणार. रविवारी तृप्तीच्या सासरी सगळे मिळून बघणार आहेत. मी सकाळी भाड्याची जीप घेऊन तुला न्यायला येते, चांगली साडी नेसून तयार राहा, काका काय म्हणतील ते मी बघते. लॅपटॉप आणि डिस्क माझ्या मांडीवर असतील. तरीही तो तुकडा काढायचाच असेल, तर वाटेत माझ्या डोळ्यांत बघून एवढंच सांग की तुला दिसायचं नव्हतं.

तुझीच, तुझ्यासारखीच हट्टी,
शीतल